सात ते नऊ, म्हस सोडून

बसा की पावणं, बसा — असं डोक्यावर उभं ऱ्हाऊन म्हस दूध देत न्हाय, उलट बिचकती. त्या कट्ट्यावर बसा, पोतं टाकलंय बगा, सकाळीच झटकलंय. व्हय, मघाशी म्हनलोतो पाच मिनिटं, आनि ती पाच कवाच झाली, मलाबी कळतंय — पन डोळ्यादेखत काढलेलं दूध प्यायचं म्हंजे काय गाड्यावरचा चहा हाय व्हय, किटलीतनं वतला आनि दिला? हितं म्हशीची मर्जी चालती. बिजली नाव हाय हिचं. आनि तेवढा हातातला मोबाईल खिशात घाला. न्हाय, राग मानू नगा, पावण्याला तशी माफी हाय, पन पोरं बगत्यात आनि मग मला इचारत्यात. आत्ता तालमीच्या दारात हलगी वाजली न्हवं — तुमाला वाटलं असंल कुनाची तरी वरात निघाली — ती सातची हलगी. आमच्या गल्लीचा नियम हाय. सातला हलगी वाजली की पोरांनी मोबाईल हितं आनून ह्या क्यानात टाकायचा, नऊला परत वाजली की ज्येचा त्येनं घेऊन जायचा. ह्यो बगा, दुधाचाच क्यान हाय, बूड गळतंय म्हनून काढून ठेवलेला, आत माजं जुनं धोतर घातलंय, मऊ म्हनून. पयल्यांदा पोरं बंद न करताच टाकायची, मग आतनं एकदम सगळी वाजायची — कुनाचं गानं, कुनाचा भोंगा, कुनाचं 'आई बोलावती, आई बोलावती' — क्यानाच्या पोटात मुरडा आल्यागत गुरगुरायचं आनि बिजली दाव्याला हिसकं द्यायची. आता शिकल्यात. आता झाकन लावलं की मी वर बूड टेकून बसतो. गल्लीचं सगळं इंटरनेट माज्या बुडाखाली. अख्ख्या मंगळवार पेठंत असला क्यान दुसरा न्हाय.

नियम आनला कुनी? आता माज्या तोंडानं काय सांगू — मीच आनला. दिवाळी झाल्यावर तालमीत बैठक हुती, गल्लीतली सगळी जमलेली, मी उठलो आनि म्हनलं, ह्या पोरांच्या माना बगा, आजारी कोंबड्यागत खाली पडल्यात. रंकाळ्यावर न्या, रंकाळा बगत न्हाईत, रंकाळ्याचा फोटो बगत्यात. जेवताना ताटात आमटी हाय का ताक हाय, पत्त्या न्हाय. आमच्या वक्ताला ह्या तालमीत लाल मातीत पाय ठेवाय जागा मिळायची न्हाय, आता त्या मातीत मांजर झोपतंय. लई बोललो. टाळ्या पडल्या. मला आदी कवा कुनी टाळ्या वाजवल्या न्हवत्या, कुस्ती मारली तवाबी न्हाय — म्हंजे कुस्ती मारलीच न्हवती म्हना, त्ये जाऊ द्या. तर टाळ्या पडल्या, मी खाली बसनार, तवर मागनं आवाज आला — 'आनि मोठ्यांचं काय?' सगळी वळून बगत्यात, तर आमची तेजस्वी. नात माजी, अमरसिंहाची — माज्या ल्योकाची — थोरली. सातवीत हाय. पोरांच्या पुढं उभी, हाताची घडी घालून, अगदी माज्या आईगत. म्हनती, 'मोठी मानसं दिवसभर सकाळचं फूल आनि रातचा चंद्र धाडत बसत्यात, त्येंच्या माना काय लोखंडाच्या हाईत?' सगळी तालीम हासली. आनि मी — टाळ्यांची नशा हुती की — छाती काढून म्हनलं, मोठ्यांनाबी लागू. सात ते नऊ, सगळ्यांना. मला काय, मला कुटं मोबाईलचं याड हुतं. पाजळली अक्कल.

नियम म्हनल्यावर दंड पायजे. एकजन म्हनला पैसं घेऊया. मी म्हनलं पैसं नगं, पैसं काय कोनबी फेकून जातंय — जो मोबाईल बगताना सापडंल त्येनं माज्या ह्या दुधाच्या कट्ट्यावरचं शेन काढायचं, पाटीनं, सोताच्या हातानं. आता तुमी म्हनाल, आण्णानं सोताचं काम गल्लीच्या गळ्यात मारलं. तसं न्हाय. म्हंजे तसंबी हाय थोडं. आनि पकडनार कोन? तर पोरं. तेजस्वीच्या गळ्यात शिट्टी, शाळंतल्या सरांकडनं मागून आनल्याली, आनि मागं चार-पाच टोळभैरव. सात ते नऊ गल्लीत गस्त. पयलं सापडलं कोन, तर त्र्यंबक मास्तर. अख्ख्या गल्लीकडनं पाढं पाठ करून घेतल्यालं मानूस, आनि देवळाच्या मागं आडोशाला क्रिकेटचा स्कोर बगत उभं. शिट्टी वाजली. मास्तर म्हनत्यात, 'अगं, मी घड्याळ बघत होतो.' तेजस्वी म्हनती, 'सर, घड्याळ तुमच्या मनगटावर हाय.' मग काय, पॅन्ट गुडघ्यापतोर वर, धोंडुबाईनं — आमच्या मंडळींनी — पाटी आनून दिली, आनि मास्तरांनी शेन भरलं. मी हितं क्यानावर बसून, खरं सांगतो, पोट धरधरून हासलो. वर म्हनलं, 'मास्तर, त्या कोपऱ्यातलं ऱ्हायलं की.' तवापासनं ते रोज सातला हितं येऊन बसत्यात, तुमच्याच जाग्यावर, नुसतं माज्याकडं बगत. दूध घेत न्हाईत, काय न्हाय. माजी पाळी कवा येती तेवढंच बगाय येत्यात. आज आलं न्हाईत अजून, देव पावला.

हं, बगतो की, बगतो. हो बिजले — हो माजे बाय — सोड की आता. न्हाय. कास बगा कशी टम्म हाय, आनि सडातनं थेंब न्हाय. ते कसं हाय, तुमी अत्तर मारून आलाईसा. न्हाय? मग साबनाचा वास असंल, हिला नवा वास चालत न्हाय. आनि दुपारपासनं त्या कोपऱ्यावर मंडपाचं लोखंड आदळत हुती — आता न्हाय वाजत, व्हय, पन तिच्या डोक्यात बसलंय. एरवी लई गुनाची. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवत्यात, तवा याय पायजे हुतं तुमी. शिंगं रंगवल्याली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवरच्या केसात माजं नाव कातरल्यालं, आनि मी पुढं फटफटीवर, सायलेन्सर काढून — आनि ही मागनं पळती, दावं न्हाय काय न्हाय, नुसत्या त्या फटफटीच्या आवाजावर. दुसऱ्या धा फटफट्या वाजू द्यात, ढुंकून बगायची न्हाय. आवाजाची पक्की हाय. एकदा आवाज कानात बसला की तोच पायजे, त्येच्याबिगर पाऊल उचलायची न्हाय, दूध द्यायची न्हाय, सगळी गोम तिथंच हाय.

न्हाय, कसली गोम? काय न्हाय. असंच म्हनलो.

बरं, आता खोदून खोदून इचारताय तर सांगतो. हिचं रेडकू गेलं. मेलं न्हाय हो, वंगाळ बोलू नगा — चंदगडला गेलं. पैलवान नाव त्येचं, तेजस्वीनंच ठेवल्यालं. जन्मला तवा चारी पाय चार दिशंला, उठायचा, पडायचा, परत उठायचा, म्हनून पैलवान. तिच्याच हातानं वाढला, शाळंतनं आली की दप्तर फेकायची आनि आदी त्येच्या गळ्यात पडायची, त्यो वरडला की पोरगी वरडायची, तिचं बगून त्यो. पन नर हुता. आता शेरात म्हशीच्या नराचं काय करायचं सांगा — दूध न्हाय, शेत न्हाय, आनि गोठा म्हंजे ह्यो येवढा बोळ. अमरसिंह म्हनायचा, आण्णा, उद्या त्येला शिंगं फुटल्यावर ठेवायचा कुटं, पलंगाखाली? लोकं नरांचं काय करत्यात, त्ये मी बोलत न्हाय. पन धोंडुबाईच्या म्हायेरचा गुंडू हाय चंदगडला, तिकडं पाऊस म्हंजे आभाळ फाटल्यागत, सगळी भाताची खाचरं, चिखलनीला रेडा लागतोय. त्यो म्हनला, मला द्या आण्णा, पोटच्या पोरागत ठेवतो. दिला. टेंपो आला, फळी लावली, चढवला, गेला. येवढंच झालं. जनावराचं असंच असतंय, दाव्याला बांधलं म्हंजे काय जन्माचं बांधलं व्हय. त्यात काय मानसानं भर रस्त्यात रडायचं असतंय?

रडलं म्हनून कोन म्हनलं? मी म्हनलो? म्हनलो असंन. पन तुमी गालातल्या गालात हसताय कशाला? काय? कुटं बगितलं? पुन्यात? पुन्याला बी पोचलंय ते? तुमच्या मंडळींनी दावलं — आनि म्हनून तुमी शाहूपुरीतलं काम आटपून, रिक्षावाल्याला इचारत हितवर आलाईसा, 'तो रडणारा म्हशीवाला कुठं बसतो' म्हनून? आनि त्येनं बरुबर हितं आनून सोडलं? देवा. मला वाटलं, गिऱ्हाईक दूध प्याय आलंय.

मग आता झाकून काय उपेग. व्हय, त्यो मीच. तेजस्वीनं काढलं त्ये, बापाच्या जुन्या मोबाईलवर. मला पत्त्याबी न्हाय, मी आपला टेंपोच्या मागं दावं धरून उभा. पैलवान आतनं वरडला, हितनं बिजली वरडली, त्यो परत वरडला, आनि मला काय झालं काय म्हाईत, दावं सुटंना हातातनं, आनि नाक डोळं सगळं एकदम वाहाय लागलं. खांद्यावरच्या टावेलात तोंड घालून उभा, पोटात हुंदकं, टेंपोवाला म्हनतोय 'सोडा की आण्णा', आनि मी सोडीना. ते सगळं तिनं काढलं आनि टाकलं. गानं न्हाय, बाजा न्हाय, जसाच्या तसा आवाज. वर लिवलं 'आमचे आण्णा'. बास, येवढंच. शेवटाला मागनं तिचा आवाज हाय, काय तरी म्हनती — त्ये जाऊ द्या. रातीत कुटनं कुटं गेलं. सकाळी तालमीत गेलो तर सगळी उठून उभी ऱ्हायली आनि एकेकानं खिशातनं रुमाल काढला. पेंड आनाय गेलो तर दुकानदार म्हनतोय, 'आण्णा, पेंड देऊ का टावेल देऊ?' आता मी ह्या गल्लीतला दांडगा मानूस. माज्या आवाजाला कुत्री उठून जात्यात. माजी काय इज्जत ऱ्हायली? घरला आलो आनि पोरीला उभं केलं. म्हनलं, आत्ताच्या आत्ता काढ ते, चारचौघांत माजी अब्रू घालवलीस, तुज्या हातात मोबाईल दिला तिथंच चुकलं. लई बोललो. तिनं काढलं. डोळ्यात पानी न्हाय, बोट दाबलं आनि माज्यापुढं धरलं — 'गेलं बगा.' गेलं कुटलं, तवर लोकांनी धा ठिकानी चिकटवल्यालं, म्हनून तर तुमी हितं बसलाय. पन तिनं काढलं. आनि तवापासनं माज्याशी बोलती, पन कसं — 'आण्णा, जेवाय.' 'आण्णा, किल्ली.' संपलं. आदी धार काढताना हितं माज्या शेजारी बसायची, शेपटी धरून, म्हशीनं तोंडावर मारू ने म्हनून, आनि बडबड, बडबड — शाळंतलं, मैत्रिनीचं, कुनाच्या डब्यात काय हुतं — माजं डोस्कं उठायचं. आता शिट्टी घालून समोरनं जाती, हिकडं बगतबी न्हाय. घरात कुनी बोलत नसलं तर मानसाला कळत न्हाय येवढं. पन धार काढताना शेजारची जागा मोकळी असली की लई लागतंय वो.

आनि तालमीतली बैठक दुसऱ्याच दिवशी हुती. आता तुमी शानं हाय, तुमाला कळलं असंल. माना, रंकाळा, आमटी, ताक — त्यातलं खोटं काय न्हाय, पोरांचं वाटुळं चाललंच हुतं — पन उठून उभा ऱ्हायलो तवा माज्या पोटात येकच हुतं, की गल्लीत सांजच्याला, माजी धारंची येळ असताना, परत कुनी माज्याकडं मोबाईल धरू ने. पोरांचं भलं झालं त्ये आपलं वरकडीत झालं. आता पोरं सांजची मातीत लोळत्यात, मांजर हुसकून लावलंय, आया मला दुवा देत्यात. मी मान हलवून घेतो. काय सांगू त्येंना?

पन देव बसलाय की वर. त्येनं बिजलीला पुढं केलं. रेडकू गेल्यापासनं हिनं पान्हाच चोरला. हात लावला की मागचा पाय उचलायची. एकजन म्हनला सुई मारा, धो-धो सोडती. मी म्हनलं ह्या कट्ट्यावर सुईचं दूध आजवर कुनाला पाजलं न्हाय. दुसरा म्हनला, जुनी लोकं रेडकू मेलं की कातड्यात भुसा भरून म्हशीपुढं उभं करायची, तसं करा. अरे, म्हनलं, मेलं की करायची, माजा पैलवान जित्ता हाय, चंदगडला हिरवं खातोय, त्येच्यात कशाला भुसा भरताय? असं चाललं हुतं. आनि एक दिवस मास्तरांनी — शेन काढल्याचा राग की — ते माजं रडगानं माज्याच मोबाईलवर धाडलं. मी आपलं गोठ्यात, हितंच, बसल्या बसल्या दाबलं. नुसतं बगावं म्हनलं, किती वंगाळ दिसतोय. पैलवान वरडला त्यात. आनि हिनं कान टवकारलं, मान वळवली, हंबरली, आनि पावणं, सडातनं आपसूक दूध गळाय लागलं, मी चरवी घेऊन पळतोय तवर खाली थारोळं. म्हंजे बगा आता. ज्या मोबाईलवर मी बंदी आनली, त्यातलं जे माजं रडनं मी पोरीला काढाय लावलं, त्येच्याबिगर माजी म्हस दूध देईना. आनि देनार कवा? तर सात ते नऊ. सहाला बगितलं काढून, न्हाय. साडेनऊला बगितलं, न्हाय. म्हशीचं घड्याळ मास्तरांच्या घड्याळापरास पक्कं.

तालमीत जाऊन माफी मागावी म्हनता? काय म्हनून मागू — सात ते नऊ, म्हस सोडून? आनि कारन इचारलं तर सांगू काय, माजं रडनं ऐकल्याशिवाय हिला पान्हा फुटत न्हाय म्हनून? मेलो तरी सांगनार न्हाय. तुमाला सांगितलं त्ये वेगळं, तुमी काय, सकाळी पुन्याला जानार. तर रोज लपूनछपून चाललं हुतं. आंबवणाची बादली हाय न्हवं ही, पेंड भिजवल्याली, तिच्या मागं मोबाईल ठेवायचा, वर कडबा, आवाज बारीक, आनि मी मोठ्यानं खोकायचो. मास्तर इचारायचं, 'आण्णा, खोकला बरा होत नाही का?' मी म्हनायचो, 'हवा वंगाळ हाय मास्तर.' आनि काल मोबाईल घसरला आनि गेला बादलीत. मी हात घालतोय तवर हिनं आंबवणासंगं चाटला, चांगला चघळला, आनि थुकला. आता त्यो तांदळाच्या डब्यात पुरलाय, वाळतोय का बगाय. धोंडुबाई भाताला तांदूळ काढाय गेली तर हातात मोबाईल. म्हनती, 'ह्येची आमटी करू का भाजी?' आनि म्हनून आज असं. कालचं दूध गेलं, आज हिची कास ठनकत असंल, मुक्या जीवाचं हाल चाललंय, आनि मी तुमाला अत्तराचं सांगतोय.

तवा पावणं — जरा हिकडं सरका — तुमच्याकडं हाय न्हवं ते? मंडळींनी धाडल्यालं? पावण्याला माफी हाय, मघाशीच म्हनलोय मी. तुमी तुमचा मोबाईल काढलात, तुमी तुमचं काय बगताय ते बगताय, म्हशीनं ऐकलं त्येला कोन काय करनार? थांबा, गल्ली बगतो. मास्तर न्हाईत. पोरं तिकडं तालमीच्या अंगाला हाईत. हं, काढा. लौकर. ही कोन बाई? कसली पावडर? ही नगं, पुढं ढकला हिला. आनि ह्यो नाचतोय कोन? असलं कसलं भरून ठेवलंय तुमी — हां, ह्ये. ह्येच. आवाज बारीक करा, बारीक, हितं माज्या हातात द्या, तिच्या कानापाशी धरतो. बगा, कान हलला. बगा बगा. अगदी —

शिट्टी वाजली न्हवं?

बंद करा. कुटनं बंद हुतंय ह्ये? तेजस्वी — अगं, ह्यो पावण्याचा मोबाईल हाय, माजा न्हवं, माजा डब्यात हाय तांदळाच्या, आजीला इचार. व्हय, माज्या हातात हाय, पन मालकी त्येंची. त्येनीच लावलं. पावणं, सांगा की तिला. असं काय, तोंडात मूग धरून बसलाय? बरं. बरं बाई. सापडलो. घ्या तुमचा मोबाईल. दे पाटी, काढतो शेन, बलीव त्या मास्तरांना, कवापासनं वाट बगत्यात बिचारं, त्येंच्या डोळ्याचं पारनं फिटू दे. बलीव सगळी तालीम. पन मला आदी हिचं काय तरी करू दे गं, कास बग कशी झालीया, हात लावून देत न्हाय — अगं, तिकडं कुटं चाललीस? मागनं जाऊ नगं, लाथ मारंल. शिट्टी तरी काढ गळ्यातली, बुजंल ती. पावणं, ही काय करती बगा. हिच्या गळ्यात हात घातला. तोंड कानाशी न्हेलं —

ऐकलंसा?

अगदी त्योच. अगदी पैलवान, त्येच्या आवाजात शेवटाला जरा चिरकल्यागत व्हायचं, तेबी तसंच. परत वरड, तेजस्वे. परत. चरवी — चरवी कुटं गेली — हं, हं, आली, आली धार. पावणं, बगा, चारी सड एकदम. तुला कवापासनं येतंय गं ह्ये? त्यो ल्हान हुता तवापासनं? त्यो वरडला की तू वरडायचीस — व्हय की. मी म्हातारा हितं बादलीमागं मोबाईल लपवतोय, आनि आवाज घरातच हुता. काय? तुला म्हाईत हुतं? रोज ऐकू यायचं, गस्तीत हितनं जाताना? माजं खोकनंबी? मग शिट्टी का न्हाय वाजवलीस गं, मास्तरांना तर सोडलं न्हाईस?

असं.

तुला वाटलं, आण्णा माजा व्हिडिओ रोज बगत्यात. म्हनून न्हाय वाजवलीस. आज परका मोबाईल दिसला म्हनून वाजवलीस. बगत हुतो. म्हशीसाठी न्हाय — म्हंजे म्हशीसाठीबी. पन हिनं पान्हा सोडल्यावरबी बंद करत न्हवतो, शेवटापतोर ठेवायचो, शेवटाला तुजा आवाज हाय न्हवं मागनं, 'आण्णा, रडू नगासा, आपन जाऊ की त्येला भेटाय.' घरात बोलत न्हवतीस, तर म्हनलं हितं तरी. बस. बस हितं, पोत्याचं टोक वड. शेपटी धर. जाऊया, सुट्टी लागली की चंदगडला जाऊया, यष्टीनं जाऊया, तू खिडकीला बस.

घ्या पावणं, गिलास धरा, फेस हाय तवर प्यायचं, मिशी आली तर पुसायची न्हाय. आनि मोबाईल माज्या तोंडाकडं का धरलाईसा? कोन रडतंय? पेंडीचा कन गेलाय डोळ्यात. वाजीव गं शिट्टी. व्हय, पावण्याला माफी हाय म्हनलोतो, पन ती माजी माफी, शिट्टी तिची हाय. मोबाईल त्या क्यानात टाका. पाटी कोपऱ्यात हाय, दूध संपलं की अर्दं शेन तुमी, अर्दं मी. आनि आता जरा गप बसा की, मघापासनं नुसतं बोलत बसलाईसा. हिला सांगू द्या, आज शाळंत काय झालं ते.